लग्नसमारंभाचं शूटिंग करताना आवाज स्वच्छ कसा रेकॉर्ड करायचा

लग्नाच्या व्हिडिओत एखादा शॉट हलला किंवा थोडा काळपट आला तर एडिटिंगमध्ये निभावून नेता येतं. वधू-वरांचे शब्दच ऐकू आले नाहीत तर तो भाग हातचा गेला, कारण ‘पुन्हा एकदा म्हणा’ असं तिथे कोणाला सांगता येत नाही. या कामाचे दोनच नियम आहेत. माइक तोंडाच्या जवळ हवा, आणि प्रत्येक महत्त्वाचा आवाज एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणी रेकॉर्ड व्हायला हवा. महागड्या उपकरणांचा विचार त्यानंतर.

कॅमेऱ्यावरचा माइक का पुरत नाही

बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. छातीवर, तोंडापासून २० सेंटिमीटरवर लावलेला कॉलर माइक आणि ६ मीटरवर उभा असलेला कॅमेरा यांत जवळजवळ ३० डेसिबलचा फरक पडतो. हॉलची घूम, एसीची घरघर, खुर्च्या सरकण्याचे आवाज मात्र दोन्हीकडे साधारण सारखेच पोचतात. म्हणून कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा आवाज नंतर कितीही वाढवला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत. गोंगाटही तेवढाच वर येतो.

कॅमेऱ्यावर चांगला शॉटगन माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा लांबट माइक) लावला की प्रश्न सुटला, हा समज फार पक्का आहे. झूम लेन्स लांबचं दृश्य जवळ आणते तसा शॉटगन लांबचा आवाज जवळ आणत नाही. तो बाजूचे आवाज कमी घेतो, एवढंच. घुमणाऱ्या हॉलमध्ये भिंतींवरून आणि छतावरून परतलेला आवाज समोरूनही येतो, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग आणखी घटतो. मीटर-दीड मीटरच्या आत तो उत्तम चालतो. विधी सुरू असताना कॅमेरा इतका जवळ नेणं बहुतेक वेळा शक्य नसतं.

तरीही कॅमेऱ्याचं ऑडिओ रेकॉर्डिंग बंद करू नका. बाकीचे ट्रॅक चित्राशी जुळवायला तेच लागतं. फक्त ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) बंद करून गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते, हाताने लावा. ऑटो लेव्हलवर कोणी बोलायचं थांबलं की कॅमेरा गेन वाढवतो आणि घरघर वर येते, मग टाळ्या पडल्या की सगळं एकदम दबतं. हे चढउतार नंतर काढता येत नाहीत.

काय काय लागतं

किमान संच असा: कॉलर माइकसह दोन खिशातले रेकॉर्डर, एक स्टिरिओ हँडी रेकॉर्डर, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, मिक्सरसाठी (साउंडवाल्यांचं सगळे माइक एकत्र करणारं यंत्र) दोन-तीन प्रकारच्या केबल, त्वचेला चालणारी मेडिकल टेप, दुहेरी चिकटपट्टी, आणि प्रत्येक उपकरणासाठी सेलचा एक जादा संच.

खिशातला रेकॉर्डर म्हणजे टॅस्कॅम डीआर-१०एल किंवा झूम एफ२ यांसारखी छोटी डबी. कॉलर माइक तिलाच जोडलेला असतो आणि आवाज तिच्यातच साठतो, सिग्नल हवेतून जातच नाही. तोटा असा की विधी चालू असताना आत काय रेकॉर्ड होतंय ते कॅमेऱ्याजवळ बसून ऐकता येत नाही. वायरलेस संचात ते ऐकता येतं, पण सिग्नल तुटण्याचा धोका असतो. आजचे बरेच छोटे वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात, शिवाय माणसाचं शरीर या लहरी चांगल्याच शोषून घेतं. रिकाम्या हॉलमध्ये ५० मीटरवरून सुरळीत चाललेला संच पाहुणे भरल्यावर १५ मीटरवर अडखळतो तो यामुळे. वायरलेस घ्यायचाच असेल तर ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्ड करणारा घ्या. रोड वायरलेस प्रो आणि डीजेआय माइक २ मध्ये ही सोय आहे. मात्र खरेदी केल्यावर हे रेकॉर्डिंग मेनूत जाऊन चालू केलंय का ते पाहा. सोय आहे म्हणून ती चालूच असेल असं नाही.

वायरलेस रिसीव्हर कॅमेऱ्याला जोडताना रिसीव्हरचं आउटपुट चढं आणि कॅमेऱ्याचा इनपुट गेन जवळजवळ तळाशी ठेवा. कॅमेऱ्यातला प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) सहसा सुमार असतो. त्याच्याकडून जितकं कमी काम घ्याल तितकी सुरसुर कमी.

कॉलर माइक कोणाला आणि कसा

दोनच रेकॉर्डर असतील तर एक वराच्या कपड्यावर लावा आणि एक विधी सांगणाऱ्या व्यक्तीच्या. कॉलर माइक सहसा सर्व दिशांनी आवाज घेतो. वधू-वर समोरासमोर किंवा शेजारी असताना दोघांमधलं अंतर हातभरच असतं, त्यामुळे वराच्या माइकवर वधूचं बोलणंही वापरण्याजोगं येतं. शेजारी बसणार असतील तर माइक वधूच्या बाजूला लावा. वधूच्या कपड्यावर माइक लावायला हरकत नाही, पण दागिने, जाळीदार कापड आणि सतत सारखा केला जाणारा पदर किंवा ओढणी माइकला घासत राहते. तिसरा रेकॉर्डर असेल तर तो जरूर तिला द्या, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

जागा छातीच्या मधोमध, हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटर खाली. याहून वर, अगदी गळ्याशी लावला तर हनुवटीची सावली पडते आणि आवाज कोंदट येतो. याहून खाली गेला की हॉल ऐकू यायला लागतो. बोलणारी व्यक्ती मान एकाच बाजूला वळवून बोलणार असेल तर माइक थोडा त्या बाजूला सरकवा. कोटाला फूल लावणार असतील तर माइक दुसऱ्या कडेला.

श्वासाचे आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचे फटके येत असतील तर माइक उलटा, तोंड जमिनीकडे करून लावा. सर्व दिशांचा माइक असल्याने शब्द तसेच येतात, हवेचा झोत मात्र थेट बसत नाही.

खरी डोकेदुखी कपड्याच्या सळसळीची. ती दोन वाटांनी येते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिली, कापड माइकच्या डोक्यालाच घासतं. यासाठी चिकटपट्टीचे दोन छोटे तुकडे, चिकट बाजू बाहेर राहील असे, घडी घालून त्रिकोणी करा. माइक त्या दोघांच्या मध्ये दाबा आणि एक बाजू आतल्या कपड्याला, दुसरी वरच्या कपड्याला चिकटवा. दोन्ही थर माइकसोबत हलले की घासायला काही उरत नाही. माइकचं छिद्र मात्र उघडं राहायला हवं. दुसरी वाट केबलची. केबलला बसलेला धक्का तारेतून माइकपर्यंत ‘धप्’ असा पोचतो. माइकच्या खाली केबलचा दोन-तीन सेंटिमीटरचा सैल फास करून तो कपड्याच्या आतून टेपने लावला की ओढ तिथेच जिरते. सुती आणि लोकरीचं कापड शांत असतं. रेशीम, सॅटिन, नायलॉन आणि कडक खळ दिलेलं कापड बोलतं. शक्य असेल तर कोण काय घालणार आहे हे आधीच विचारून ठेवा.

रेकॉर्डर कोटाच्या आतल्या खिशात किंवा कमरेला मागच्या बाजूला ठेवा. किल्ल्या आणि मोबाइल त्या खिशात नकोत. टूजी नेटवर्कवर असलेला फोन केबलजवळ असला की ‘टिरटिर टिरटिर’ असा आवाज थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरतो, आणि तो काढणं फार कटकटीचं. फोन मित्राकडे देऊन टाका, नाहीतर फ्लाइट मोडवर टाका. प्लगला फिरकी असेल तर ती घट्ट आवळा. साधा ३.५ मिलिमीटरचा प्लग असेल तर जोडावर टेपचा एक वेढा द्या. आणखी एक: मोबाइलसाठी बनवलेल्या कॉलर माइकच्या प्लगवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेरा-रेकॉर्डरवाल्याच्या प्लगवर दोन. चुकीचा लावला तर आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो.

माइक लावून झाला की हेडफोन लावून अर्धा मिनिट ऐका. त्या व्यक्तीला मान वळवायला, उठून बसायला, हात पुढे करायला सांगा आणि ठरलेले शब्द खऱ्या आवाजात म्हणायला लावा. ‘हॅलो, चेक’ म्हणून काही कळत नाही. माइक चालू आहे आणि तुमचं खासगी बोलणंही त्यात येणार आहे, हेही सांगून ठेवा. त्यातलं नको ते नंतर पुसून टाकण्याची जबाबदारी तुमची.

साउंडवाल्यांच्या मिक्सरवरून आवाज घेणं

माइकवर बोललेलं सगळं मिक्सरमध्ये येतं, तेव्हा तिथून एक वायर ओढली की काम झालं, असं वाटतं. ते व्हायला हवं, पण यात घोळ होण्याच्या जागा जास्त आहेत. साउंडवाल्यांशी आदल्या दिवशीच बोला आणि चार गोष्टी विचारा: कोणतं आउटपुट मोकळं आहे, त्याचा जोड एक्सएलआर (तीन पिनांचा गोल जोड) आहे की मोठा जॅक, लेव्हल लाइन आहे की माइक, आणि ऑक्स (मिक्सरचं वेगळं, जादा आउटपुट) मिळणार असेल तर तो फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या, आधीचा की नंतरचा.

फेडरच्या आधीचा ऑक्स मिळाला तर उत्तम, कारण हॉलमध्ये शिटी वाजू नये म्हणून त्यांनी फेडर खाली ओढला तरी तुमचं रेकॉर्डिंग बदलत नाही. मेन आउट (हॉलच्या स्पीकरना जाणारं आउटपुट) मिळालं तर त्यांचा प्रत्येक चढउतार तुमच्याकडे येतो.

लेव्हलची चूक सगळ्यात जास्त होते. मिक्सरची लाइन लेव्हल सव्वा व्होल्टच्या आसपास असते, माइकची काही मिलिव्होल्ट. लाइनचा सिग्नल माइकच्या इनपुटमध्ये घातला की आवाज फाटतो, आणि रेकॉर्डरचा गेन कमी करून तो सुधारत नाही, कारण फाटण्याची क्रिया गेनच्या आधीच्या टप्प्यात होऊन गेलेली असते. मीटर हिरवा दिसतो आणि आवाज फाटलेला असतो. इनपुट ‘लाइन’वर करा. तशी सोय नसेल तर मध्ये २५ ते ४० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. रेकॉर्डरची फँटम पॉवर (माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) बंद आहे ना तेही पाहा.

दुसरा सापळा केबलचा. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये एकच सिग्नल दोन तारांवर एकमेकांच्या उलट असतो. साध्या स्टिरिओ केबलने तो ३.५ मिलिमीटरच्या इनपुटमध्ये नेला की डावा आणि उजवा चॅनेल उलटे होतात. हेडफोनवर आवाज जरा विचित्र पसरट वाटतो, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर दोन्ही मिळून जवळजवळ नाहीसा होतो. योग्य केबल नसेल आणि असंच रेकॉर्ड झालं असेल तर घाबरू नका. एडिटिंगमध्ये एकच चॅनेल ठेवा, तो शाबूत असतो.

घुंऽऽ असा सलग आवाज येत असेल तर तो अर्थिंगच्या फेऱ्याचा, विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा. रेकॉर्डर चार्जरवर न ठेवता सेलवर चालवला की बहुतेक वेळा तो जातो. तरी राहिला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारा) घाला. तो छोटासा असतो आणि पिशवीत पडून असलेला बरा.

हे सगळं नीट बसलं तरी मिक्सरवर तेवढंच येतं जेवढं त्यांच्या माइकवर बोललं गेलं. कोणी माइक न घेता बोललं, त्यांनी चॅनेल म्यूट ठेवला, किंवा वाद्य इतकं मोठं होतं की त्याला माइक लावलाच नाही, तर तुमच्या ट्रॅकवर ते नसतं. म्हणून मिक्सरचा ट्रॅक हा दुसरा आधार, पहिला कॉलर माइकच.

मिक्सरला हात लावू दिला नाही तरी अडत नाही. स्टँडवरच्या माइकला, डोक्याच्या चार-पाच सेंटिमीटर खाली दांड्यावर आपला कॉलर माइक टेपने लावा आणि रेकॉर्डर स्टँडला बांधा. मात्र त्यांच्या माइकची जाळी आणि मानेवरची फटी झाकू नका, नाहीतर त्याची दिशा बिघडून शिट्या वाजतील. आणि हे विचारून करा. तेही जमलं नाही तर एका स्पीकरसमोर मीटरभर अंतरावर स्टिरिओ रेकॉर्डर ठेवा, लेव्हल खूप कमी करून. दर्जा बेताचा येईल, पण शब्द हाती राहतील.

हॉलचा आवाज आणि वारा

फक्त कॉलर माइकचा आवाज कोरडा वाटतो, जणू विधी बंद खोलीत झाला. हसणं, टाळ्या, वाद्यं यांसाठी स्टिरिओ रेकॉर्डर पाहुण्यांच्या आणि विधीच्या मध्ये, दोनेक मीटर उंचीवर, स्पीकरच्या थेट समोर नसेल असा ठेवा. लेव्हल सगळ्यात मोठ्या टाळ्यांच्या हिशेबाने लावा.

उघड्यावर शूटिंग असेल तर स्पंजचं कव्हर पुरत नाही. ते घरात श्वासापुरतं ठीक. वाऱ्यासाठी केसाळ कव्हरच हवं, कॉलर माइकलाही. वाऱ्याने माइकचा पडदाच हलला तर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर शब्द परत आणत नाही. रेकॉर्डरमधला लो-कट (खालच्या पट्टीतली घरघर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास लावा. शक्य असेल तर माइक लावलेली व्यक्ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहील अशी जागा सुचवा.

लेव्हल आणि फाइल

सगळी उपकरणं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्हीवर (आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार) लावा. एमपी३ नको. मोनो ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी लागतात, म्हणजे तीन तासांना दीड जीबीच्या थोडं वर. जागा वाचवण्याचं काही कारणच नाही.

बोलण्याचे शिखर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवा (शून्य म्हणजे कमाल मर्यादा). तपासताना माणसं हळू बोलतात आणि प्रत्यक्षात कोणी दडपणाने पुटपुटतं, तर कोणी आनंदाने ओरडतं. वरची जागा या ओरडण्यासाठी. २४ बिटमध्ये कमी लेव्हलचा आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला जुळत नाही. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये त्याच वेळी आणखी एक ट्रॅक कमी लेव्हलवर घेण्याची सोय असते, ती चालू ठेवा. ३२ बिट फ्लोट (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही न फाटता साठवणारी पद्धत) असेल तर गेनची चिंता जवळपास संपते, पण माइकची स्वतःची मर्यादा तशीच राहते. ढोल किंवा फटाके अगदी शेजारी वाजले तर माइकच फाटतो आणि तो फाटलेला आवाज ३२ बिटमध्ये इमानाने साठतो.

त्या दिवशी

आदल्या रात्री कार्ड फॉरमॅट करा, नवे सेल घाला आणि सगळ्या उपकरणांची घड्याळं एकसारखी लावा. नाहीतर नंतर फाइल ओळखण्यात वेळ जातो. ठिकाणी तासभर आधी पोचा आणि विधीच्या जागी उभं राहून हेडफोनने नुसती शांतता ऐका. डोक्यावरचा पंखा, एसीचा झोत, मागच्या खोलीतला फ्रिज, स्पीकरची गुणगुण हे सगळं तेव्हाच कळतं आणि तेव्हाच बंद करायला सांगता येतं.

रेकॉर्डर विधीच्या अर्धा तास आधीच चालू करून टाका, शेवटच्या घाईत नाही. काही रेकॉर्डरवर बटण एकदा दाबलं की ते फक्त तयार होतात, दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होतं. म्हणून दिव्यावर विश्वास ठेवू नका, वेळेचे आकडे पुढे सरकताहेत का ते बघा. मग होल्डचं बटण सरकवा, म्हणजे खिशात दाब पडून रेकॉर्डिंग थांबणार नाही. सगळं चालू असताना कॅमेऱ्यासमोर एकदा मोठ्याने टाळी वाजवा, ती नंतर ट्रॅक जुळवायला लागते.

भाषणांची तऱ्हा वेगळी. वक्ते बदलतात, प्रत्येकाला कॉलर माइक लावत बसता येत नाही, आणि हातातला माइक लोक पोटाशी धरतात. इथे मिक्सरचा ट्रॅक मुख्य, आणि वक्त्याच्या स्टँडवर किंवा टेबलावर कपड्याच्या घडीवर ठेवलेला रेकॉर्डर जोडीला. माइक देणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की हनुवटीजवळ, वीतभराच्या आत धरायला लावा.

एडिटिंग

दा विंची रिझॉल्व्ह आणि प्रीमिअर प्रो दोन्ही वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या लहरींच्या आकारावरून, ट्रॅक जुळवतात. जमलं नाही तर टाळीचं टोक शोधून हाताने जुळवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटर लांबच्या कॅमेऱ्यावर टाळी सुमारे ४० मिलिसेकंद उशिरा पोचते. २५ फ्रेमच्या व्हिडिओत ती पूर्ण एक फ्रेम झाली. म्हणून अंतिम जुळणी ओठांकडे बघून करा.

लांब रेकॉर्डिंगमध्ये सुरुवात जुळते आणि शेवट सरकतो. प्रत्येक उपकरणाचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत २० चा फरकसुद्धा तासाला ७२ मिलिसेकंद होतो. शांत जागी ट्रॅक कापून तुकडे सरकवणं हा सोपा उपाय. मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बदलता असतो, ती आधी स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या, नाहीतर दर मिनिटाला जुळवत बसाल.

एकच आवाज दोन कॉलर माइकवर असेल तर एका वेळी एकच उघडा ठेवा. दोन्ही चालू राहिले की वेळेच्या सूक्ष्म फरकाने आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. बोलणाऱ्याचा ट्रॅक वर आणि दुसरा बंद, असं वाक्यावाक्याला करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण फरक लगेच ऐकू येतो. हॉलचा स्टिरिओ ट्रॅक खाली १५ ते २० डेसिबलने कमी ठेवा आणि टाळ्यांच्या जागी वर आणा.

८० हर्ट्झच्या खालचं कापा. छातीवरच्या माइकमध्ये ३ ते ४ किलोहर्ट्झचा भाग कमी असतो, तो दोन-तीन डेसिबल उचलला की व्यंजनं उघडतात. नॉइज रिडक्शन ६ ते १० डेसिबलपेक्षा जास्त लावू नका. त्यापुढे शब्द पाण्याखालून आल्यासारखे होतात, आणि थोडी घरघर त्याहून बरी. ऑनलाइन द्यायच्या फिल्मसाठी सरासरी लाउडनेस उणे १४ ते उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणि शिखर उणे १ डेसिबलवर थांबवा. शेवटी पूर्ण फिल्म एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. बहुतेक नातेवाईक ती तिथेच पाहणार आहेत, आणि उलट्या चॅनेलची किंवा दबलेल्या शब्दांची चूक राहिली असेल तर ती तिथे लगेच पकडली जाते.